गोदामातला मुरूम

अकोल्याच्या एका भाजीच्या अडत्यानं मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे, आणि जन्मला तरी सौद्याला बसण्याआधी तो माझ्याकडेच शिकायला येईल. या माणसानं माझ्यापासून पाणी लपवलं. त्या पाण्यानं मी बसवलेली लाकडी जमीन फुगली, त्या जमिनीवर त्याचीच मुलगी पडली, आणि दोष लागला माझ्या लाकडाला.

त्याचं खरं नाव लिहीत नाही, संपादकांनी तशी अट घातली आहे. राजाभाऊ म्हणतो. दरवर्षी या दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांत त्याच्या अडतीची शुभेच्छांची जाहिरात असते, म्हणजे अंक त्याच्या घरी पोचतोच. तेवढं मला पुरे आहे.

मी लाकडी जमिनी बसवतो. मूळ गाव हिवरखेड, धंदा अमरावतीत. दहावीला दोनदा आपटल्यावर परतवाड्याच्या एका आरा मशीनवर भुसा भरायला लागलो, तिथून सुतारकाम, तिथून ठेके. धारणीकडे सागाचे लिलाव व्हायचे तिथे मालकाबरोबर जाऊन ओंडक्याच्या नुसत्या कापावरून आतलं लाकूड ओळखायला शिकलो. बोली कुठे थांबवायची तेही तिथेच शिकलो. आधी व्यायामशाळा आणि शाळांचे हॉल अशी कामं असायची. आता घरोघर मुलं खेळतात आणि आईबाप त्यांच्यासाठी गच्चीवर, गॅरेजमध्ये, गोठ्यात, जिथे जागा असेल तिथे सरावाची खोली करतात. त्यामुळे या वयातही मला सवड नाही.

लोकांना वाटतं, फळ्या ठोकल्या की जमीन झाली. तसं नाही. सगळ्यात खाली कोबा. तो इतका सपाट पाहिजे की त्यावर लांब सरळ पट्टी आडवी ठेवली तर तिच्याखालून पोस्टकार्ड सरकू नये. त्यावर जाड पॉलिथिनचा कागद, ओल वर येऊ नये म्हणून. त्यावर रबराचे गट्टू, गट्टूंवर रिपा, रिपांवर प्लाय आणि सगळ्यात वर सागाच्या पट्ट्या, एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत बसवलेली. पायाखाली अशी जमीन किंचित दबते आणि वर येते. उडी मारून खाली आलेल्या माणसाचा बराच मार ती स्वतः खाते. फरशी काही खात नाही, ती सगळा मार गुडघ्याला देते.

आणि लाकूड मेलं तरी हवा खातं. पावसाळ्यात रुंदावतं, उन्हाळ्यात आकसतं. म्हणून भिंतीजवळ चारी बाजूंनी बोटभर फट सोडायची आणि वरून पट्टीनं झाकायची. म्हणूनच पट्ट्या बसवण्याआधी पंधरा दिवस त्याच खोलीत रचून ठेवायच्या, त्यांना तिथल्या हवेची सवय होऊ द्यायची. हे पंधरा दिवस गिऱ्हाइकाला सोसत नाहीत. रोज फोन येतो, “प्रल्हादभाऊ, लाकूड त आलं, मंग माणसं काहून झोपून राहिले?” मी सांगतो, माणसं नाही, लाकूड झोपून राहिलं, उठलं की कळवतो.

अमरावतीत एका निवृत्त इंजिनियरांच्या घरी टेबल टेनिसची खोली केली होती. काम असं की आजही नाव काढावं. मे महिन्यात फोन आला, जमीन उठली म्हणून. गेलो तर खोलीच्या खिडकीत हा मोठा कूलर, आणि ओल्या हवेचा झोत थेट जमिनीवर. बाहेर आग पडत होती आणि आत माझ्या सागाला श्रावण लागला होता. मी आधीच लिहून दिलं होतं, कूलर लावायचा नाही. माझं डोकं फिरलं. कूलरच्या तिन्ही वाळ्याच्या ताट्या उपसल्या, स्कूटरला बांधल्या आणि घरी घेऊन आलो. संध्याकाळी इंजिनियरसाहेब माझ्या दारात.

“अहो, ताट्या द्या ना! घरात बसवत नाही.”

“जमीन बसली का देतो,” मी म्हटलं.

आठ दिवसांत जमीन बसली. ताट्याही दिल्या, दुसऱ्या खोलीत लावण्याच्या अटीवर. हे सांगतो ते अशासाठी, की लाकूड का फुगतं हे मला कळत नाही असं कोणी म्हणू नये. लाकूड उगाच फुगत नाही. कुठून तरी पाणी येत असतं. आणि मी ते शोधतोच.

राजाभाऊंकडे उशीर लागला, कारण तिथे पाणी लपवलेलं होतं.

हा माणूस माळी घराण्यातला. आजोबा डोक्यावर टोपली घेऊन मेथी विकायचे, नातू बाजारात अडतीवर बसतो. मीही काही नसताना वर आलेला, त्यामुळे तो मला पहिल्या भेटीतच आवडला. त्याची मुलगी ऋतुजा नववीत, बॅडमिंटन खेळायची. सकाळी क्लबात कोर्ट मिळेना, म्हणून घरामागच्या कांद्याच्या गोदामात तिच्यासाठी हॉल करायचा ठरला होता. गोदाम उंच, पन्नास बाय पंचवीस, वर पत्रे. जागा बेस होती. ऑगस्टमध्ये तिची जिल्ह्याची निवड चाचणी होती. त्याआधी महिनाभर तरी रोज सराव झाला पाहिजे, असं तिचे सर म्हणाले होते.

फोनवरच मी माझी एक अट सांगितली होती. अकोल्याची कामं घेताना ती मी सगळ्यांनाच सांगतो. अकोल्यात नळ रोज येत नाही. पाच दिवसांनी, सहा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. बोअर मारला तर खारं पाणी. म्हणून तिथे घराघरात जमिनीखाली टाकी. ओट्याखाली टाकी, जिन्याखाली टाकी, देवघराखालीसुद्धा टाकी पाहिली आहे मी. आणि टाकीवर लाकडी जमीन टिकत नाही. “खाली टाकी असली तर मी काम घेत नाई,” मी म्हणालो. तो म्हणाला, “तुमी या त खरं.”

गेलो. माझ्याबरोबर रहीमचाचा होते. ते माझे जुने सुतार, माझ्याहूनही म्हातारे. लाकडाशी मऊ बोलतात आणि माझ्याशी कडक. मी भिंती मापत होतो आणि चाचा हातोडीचा दांडा कोब्यावर आपटत फिरत होते. मागच्या डाव्या कोपऱ्यात थांबले.

“भाई, ये कोना अलग बोलता है.”

मी आपटून पाहिलं. खरंच, पोकळ आवाज. राजाभाऊंना बोलावलं.

“हे काय हाय?”

“जुनी टाकी होती. भाजी धुवाची. बुजवली ना मी,” तो म्हणाला. “पाच ट्रॉल्या मुरूम टाकला. इचारा घरात.”

घरात विचारलं. वहिनी म्हणाल्या, हो, मुरमाच्या ट्रॉल्या आल्या होत्या. ऋतुजाही म्हणाली, हो काका, आल्या होत्या. दोघी खोटं बोलत नव्हत्या. ट्रॉल्या आल्याच होत्या. तो मुरूम कुठे गेला, हे त्यांना माहीत नव्हतं.

मग सौद्याला बसलो. राजाभाऊंनी गळ्यातला दुपट्टा काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: भाव तोंडानं बोलायचा नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. पाहणाऱ्याला काही कळत नाही. मी लहानपणी हिवरखेडच्या बाजारात वडिलांच्या मांडीवर बसून हे पाहिलं आहे. आता कोणी करत नाही. राजाभाऊ अजून करतो आणि उत्तम करतो. तासभर आमची बोटं झुंजली. चहा दोनदा गार झाला. इतका चांगला सौदा मी कित्येक वर्षांत केला नव्हता. भाव तुटला तेव्हा दोघंही हसत होतो, म्हणजे दोघांनाही वाटत होतं की आपण जिंकलो.

पण दुपट्टा काढण्याआधी मी त्याचं बोट धरून ठेवलं. कापडाखाली बोट धरून माणूस खोटं बोलत नाही, असा रिवाज आहे. बाजारात भांडणं होतात, डोकी फुटतात, पण कापडाखालचा शब्द फिरत नाही.

“राजाभाऊ, शेवटचं इचारतो. टाकीत पाणी नाई ना?”

“नाई.”

“पक्कं?”

“ऋतूची शपथ.”

मी बोट सोडलं.

तरीही नुसत्या शब्दावर मी काम करत नाही. ओल तपासायची साधी रीत आहे. प्लास्टिकचा हातभर तुकडा कोब्यावर पसरायचा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. खाली ओल असेल तर प्लास्टिकला आतून थेंब धरतात. मी सहा ठिकाणी तुकडे लावले, दोन तर त्या कोपऱ्यातच. दोन दिवसांनी उचलले. सगळे कोरडे ठणठणीत. चाचांनी कोपऱ्यातल्या कोब्याला गाल लावून पाहिला. काही नाही.

आता माझी चूक लिहितो. ती लिहिल्याशिवाय त्याची लिहायचा मला अधिकार नाही.

त्या दोन दिवसांत मी त्याच्या मागच्या अंगणात सात निळे ड्रम पाहिले, काठोकाठ भरलेले. पलीकडे भाजीचे वाफे होते. मे महिन्यात, दुपारी, अकोल्यात, त्या वाफ्यांत पाऊल बुडेल इतकं पाणी उभं होतं. मी पाहिलं आणि मनात म्हणालो, मोठा माणूस आहे, पाण्याची ददात नाही. गल्लीत बाया टँकरच्या नावानं बोटं मोडत होत्या, आणि इथे पाणी उभं. आयुष्यभर लोकांचे डाव ओळखून पोट भरलं, आणि डोळ्यांसमोरचं पाणी मला दिसलं नाही. अकोल्यातला माणूस मे महिन्यात टाकीभर गोडं पाणी सोडून देईल, ही गोष्ट माझ्या डोक्यातच येऊ शकत नव्हती. तीच त्यानं केली. माझी तपासणी व्हायच्या आदल्या दिवशी टाकी उपसली. माझ्यापेक्षा हुशार निघाला. हे लिहिताना आजही दातओठ खातो.

लाकूड आलं, पंधरा दिवस झोपलं, उठलं. जूनच्या मध्याला जमीन पूर्ण झाली. शेवटचा पॉलिशचा हात वाळला त्या दिवशी ऋतुजा नवे बूट घालून आली. उंबऱ्याशी थांबली, वाकून हात लावला आणि मग आत गेली. देवळात जातात तशी. मी पुष्कळ जमिनी बसवल्या, पण जमिनीला आधी हात लावणारी ती पहिलीच.

अर्धा तास खेळली. मग घाम पुसत माझ्याकडे आली. “काका, त्या कोपऱ्यात बूट येगळा वाजते.”

“नवी जमीन हाय. बसंल,” मी म्हणालो.

ही दुसरी चूक. चाचांनी सांगितलं, मुलीनं सांगितलं. मी भाव तोडून आलो होतो आणि खुशीत होतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. कोपऱ्यातल्या सात पट्ट्यांच्या कडा वर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गेलो. पट्ट्या खरंच उठल्या होत्या, पण थोड्या. पावसाळा आहे, म्हटलं. पण मनात खटकलं. पावसानं लाकूड फुगलं तर सगळी जमीन फुगते, एकाच कोपऱ्यात पाऊस पडत नाही. भिंतीजवळची फट पाहिली, मोकळी होती. पत्र्यातून गळत होतं का पाहिलं, नव्हतं. तीन दिवसांनी पुन्हा गेलो तर पट्ट्या बऱ्याच बसल्या होत्या. आठवड्यानं पुन्हा फोन, पुन्हा उठल्या म्हणून. मी गेलो की बसलेल्या, मी परतलो की उठलेल्या. माझ्याशी लपाछपी चालली होती.

ऋतुजाला मी बजावलं, त्या कोपऱ्यात खेळू नको, दोरी बांधून ठेव. ती दोरीच्या अलीकडे खेळायची. पण बॅडमिंटन खेळताना माणूस शटलकडे पाहतो, दोरीकडे नाही. चाचणीला नऊ दिवस राहिले असताना मागे सरकत एका उंच शटलवर गेली, टाच वर आलेल्या कडेला अडकली आणि घोटा वळला. लिगामेंट फाटलं. प्लास्टर लागलं. चाचणी गेली.

फोन राजाभाऊंचाच आला. “तुमच्या कच्च्या लाकडानं माह्या पोरीचा पाय मोडला.”

मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. माझं लाकूड कच्चं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आणि माझ्याच जमिनीवर ती पडली, हेही ठाऊक होतं.

पहिल्या बसनं अकोल्याला गेलो. राजाभाऊ बाजारात होता. वहिनींनी पाणी दिलं, पण डोळे वर केले नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून उभा होतो. समोर कॅलेंडर. त्यावर तारखांना निळ्या पेनानं गोल.

“हे गोल कायचे, वहिनी?” काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“नळाचे. नळ आला का गोल करून ठेवतो मी, मंग समजते पुढचा कधी येईन.”

मी माझी डायरी काढली. राजाभाऊंचा फोन ज्या ज्या दिवशी आला ते दिवस मी लिहून ठेवतो, सगळ्या गिऱ्हाइकांचेच ठेवतो, उद्या भांडण झालं तर असावं म्हणून. एक तारीख वाचली, कॅलेंडर पाहिलं. आदल्या दिवशी गोल. दुसरी वाचली. आदल्या दिवशी गोल. तिसरी. चौथी. सगळ्यांच्या आदल्या दिवशी नळ आलेला. पोरगी पडली त्याच्या आदल्या दिवशीही गोल.

माझी जमीन नळाच्या पाळीनं फुगत होती.

राजाभाऊ येईपर्यंत मी थांबलो नाही. गोदामात गेलो, पटाशी आणि सळई घेतली, त्या सातही पट्ट्या उचकटल्या, प्लाय कापला. पॉलिथिनच्या कागदाखाली पाणी होतं, भिंतीकडच्या कडेनं वर रिपांपर्यंत चढलेलं. कोब्यावर हातभर लांबीची एक चौकोनी रेघ होती, आणि रेघेतून पाणी पाझरत होतं. झाकणाची कड. वरून पातळ सिमेंट ओढून लपवलेली. मी हातोडीनं फोडली. एवढ्यात राजाभाऊ धावत आला.

“काय करून राहिले, प्रल्हादभाऊ? फोडता काहून?”

मी सागाची एक उचकटलेली पट्टी घेतली, भोकातून सरळ खाली सोडली आणि वर काढली. खालचे चार फूट ओले. पट्टी त्याच्या तोंडासमोर धरली. तिच्यावरून पाणी त्याच्या धोतरावर ठिबकत होतं.

“हा मुरूम?”

त्यानं धोतर झटकलं.

“पाच ट्रॉल्या मुरूम. दाखवा ना. कोठी हाय?”

“वावरातल्या रस्त्यावर टाकला,” तो हळूच म्हणाला.

मग सगळं सांगितलं. पालक, मेथी, कोथिंबीर खाऱ्या पाण्यात धुतली की पान काळं पडतं, संध्याकाळपर्यंत मान टाकतं. गोड्या पाण्यात धुतलेली जुडी बाजारात उठून दिसते. त्याची भाजी उठून दिसायची, त्यावर त्याचं नाव होतं. घरची टाकी वेगळी, पुढच्या ओट्याखाली. ही मागची फक्त भाजीसाठी. ती बुजवली तर धंद्याचं तेज जातं, आणि नाही बुजवली तर मी काम घेत नाही. मग त्यानं टाकी ठेवली आणि मला ठेवलं अंधारात. घरच्यांनाही. पाणी तो बाहेरच्या पंपानं ओढायचा. पण टाकी भरली की नळ बंद करणारा आतला फ्लोट जुलैत अडकला, आणि झाकण बंद, दुरुस्त करायला जागा नव्हती. नळ आला की टाकी तुडुंब भरायची, झाकणाच्या कडेनं पाणी वर यायचं आणि दोन-तीन दिवसांत उतरायचं. पोरीला पाहिजे ते पोरीला, जुडीला पाहिजे ते जुडीला, असा त्याचा हिशेब.

“कापडाखाली बोट धरून बोलले तुमी,” मी ओरडलो. “पोट्टीची शपथ घेतली! शपथ कोनाची घेतली अन् पडलं कोन, पाह्यलं?”

तो भोकाच्या कडेला खाली बसला. मी आणखी बोलणार होतो. मला पुष्कळ बोलायचं होतं. तेवढ्यात दारात कुबड्यांचा आवाज आला.

ऋतुजा उभी होती. मागे तिची आई. तिला काही ऐकू आलं होतं की नाही, कळलं नाही. राजाभाऊ पट्ट्यांच्या ढिगामागे होता, भोक त्याच्या आडोशाला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“काका, लाकूड खरंच कच्चं होतं का?”

राजाभाऊनं छातीपाशी हात जोडले. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. या माणसानं कधी कोणाला हात जोडलेले मी पाहिले नव्हते.

“लाकडाचा दोष नाई, बेटा,” मी म्हणालो.

“मंग कोनाचा?”

“पाण्याचा.”

“पाणी कोठून आलं?”

माझ्या तोंडात उत्तर होतं. मी तिच्या बापाकडे पाहिलं. तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, “मी सांगतो तिले. चार दिवस द्या.”

मी ते चार दिवस दिले. त्याची शपथ खोटी होती आणि पोरीचा पाय मोडला, हे त्या आईला एका वाक्यात कसं सांगायचं, मला कळलं नाही. बापानंच सांगावं, तेच बरं, असं वाटलं. आयुष्यात मी कोणाला फुकट काही दिलं नाही. त्या दिवशी गप्प बसणं फुकट दिलं.

पुढचं काम माझ्या मनासारखं झालं. मायलेकींना राजाभाऊंनी तेवढ्या दिवसांपुरतं ऋतुजाच्या आजोळी धाडलं होतं. टाकी उपसली. मी स्वतः खुर्ची टाकून बसलो आणि मुरमाची प्रत्येक ट्रॉली माझ्यासमोर टाकीत रिकामी करून घेतली. चाचांनी वर धुम्मस मारलं आणि म्हणाले, “अब बोलेगा तो सच बोलेगा.” कोबा केला, वाळू दिला, ओल नळाच्या दोन पाळ्या होईपर्यंत तपासली, मग कोपरा नव्यानं बसवला. आज त्या जमिनीवर मागच्या डाव्या कोपऱ्यात बूट इतर कोपऱ्यांसारखाच वाजतो. जाऊन वाजवून पाहा.

अकोल्याहून मात्र मला कामं येईनाशी झाली. तीन ठिकाणी बोलणी झाली होती, तिन्ही गप्प झाली. एकानं शेवटी खरं सांगितलं, “बाजारात म्हणतात बुवा, तुमचं लाकूड कच्चं असते. राजाभाऊंनी दाबलं म्हणून तुमी कोपरा बदलून देला.” मी राजाभाऊंना फोन लावला. उचलला नाही. आजपर्यंत उचलला नाही.

धंद्याचं मी पाहून घेईन. अमरावतीत, यवतमाळात, सेमाडोहच्या एका पर्यटक निवासातही माझ्या जमिनी आहेत, त्या माझ्या वतीनं बोलतात. हे लिहायला बसलो ते त्यासाठी नाही.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीत एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. ती जमीन माझीच. अशा वेळी मी कडेला उभा राहतो, खेळ पाहत नाही, पाय पाहतो. ऋतुजा खेळायला आली होती. पाय बरा झाला होता, पण डाव्या घोट्याला अजून पट्टा. खेळायला उतरण्याआधी ती माझ्यापाशी आली. नमस्कार केला, मोठ्या माणसाला करतात तसा. शिकवलेली आहे. आणि मग अगदी शांतपणे, टोमणा न मारता, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, “काका, अथचं लाकूड तरी पक्कं हाय ना?”

माझ्यासारखा माणूस, ज्यानं कलेक्टर ऑफिसात टेबल बडवलं आहे, ज्यानं कूलरच्या ताट्या पळवल्या आहेत, तो “हाय बेटा,” एवढंच म्हणाला. तिनं वाकून जमिनीला हात लावला नाही. पायानं दोनदा आपटून पाहिलं. मग खेळायला गेली. सगळा वेळ मागे सरकताना ती क्षणभर थांबत होती. शटलवरून नजर काढून खाली पाहत होती. तेवढ्या क्षणात दोन गुण गेले, मी मोजले.

राजाभाऊ, तुमच्या मुलीचा पाय बरा झाला, पण जमिनीवरचा विश्वास गेला. तो माझ्या लाकडानं घालवला नाही. तिला वाटतं, जगात लाकूड कच्चं निघतं, कधी दगा देईल सांगता येत नाही. तसं नाही. त्या कोपऱ्यात काय होतं हे तिला कळलं, तर ती पुन्हा न पाहता मागे सरकेल. तेवढं तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही ते सव्वा वर्ष दाबून बसला आहात.

मला तुमची माफी नको. बाजारात माझं नाव धुवून द्या असंही म्हणत नाही, ते मी माझं धुवेन. तुम्ही चार दिवस मागितले होते, ते केव्हाच संपले. हा अंक घरी आला की ऋतुजाला त्या कोपऱ्यात उभी करा, तिच्या आईला बोलवा आणि पाणी कोठून आलं ते तुमच्या तोंडानं सांगा. या वेळी दुपट्टा टाकायचा नाही. हात उघडे ठेवून सांगा. मला बोलवलंत तर येईन, नाही बोलवलंत तरी तिला विचारीन. तिनं मला विचारलं होतं, आणि मी तुमच्यासाठी गप्प बसलो होतो. आता तुम्ही उत्तर द्या.